पट्टीच्या आतला माणूस

"आधी हात."

रामराम नाही, ये-बस नाही. कुणीही समोर आलं की आप्पांचं पहिलं वाक्य हेच. म्हणताना ते स्वतःचेही दोन्ही हात पुढं धरायचे, बोटं पसरून, आधी सुलटे, मग पालथे. शाळेत नखं तपासताना मास्तर पोरांना उभी करायचे तसे. समोर मालक असोत, मुंबईचा साहेब असो, नाहीतर ग्राइंडरवरचा माझ्यासारखा माणूस असो, हात दाखवल्याशिवाय काचेच्या खोलीचं दार उघडायचं नाही. तुम्हाला वाचून हसू येईल. आम्हालाही यायचं, पण तोंड फिरवून.

आप्पा हे त्यांचं नाव नव्हे. बेळगावकडं वडीलधाऱ्याला आप्पा म्हणतात. खरं नाव मी लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, किंवा फार आवडलं असतं. दोन्हीची भीती वाटते.

आमचा कारखाना बेळगावाबाहेर, मच्छे गावात. आधी तिथं उसाच्या चरकाचे आणि ऑइल इंजिनाचे भाग व्हायचे. मग मालकांनी कुठं कुठं खेटे घालून अणुवीज केंद्राच्या व्हॉल्व्हचं काम आणलं. स्टेनलेसचे जड नग, दोन माणसांनी उचलावेत असे. त्यांतून काय वाहणार, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सांगितलं ते एवढंच, की या नगाला साधं लोखंड शिवता कामा नये, चुना नको, घाम नको, तेल नको. एकदा केंद्रात बसला, की त्याच्याजवळ पुन्हा माणसाला सहजी जाता येत नाही. काय बघायचं ते आत्ताच, इथंच.

म्हणून कारखान्याच्या टोकाला काचेची खोली बांधली. आत पांढरं टेबल, छताला पंखा, कपाटात सुती हातमोजे. दाराबाहेर फरशीवर पिवळी पट्टी मारलेली. पट्टीच्या आत आप्पा, बाहेर आम्ही.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली. दुष्काळात मामाच्या टोळीबरोबर हिडकलच्या धरणावर मातीकामाला आलो. टोळी परत गेली, मी राहिलो. मालकांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी काय येतं असं विचारलं नाही, "जेवलास का?" असं विचारलं. ते उपकार मी अजून विसरलेलो नाही. पण ज्याच्यावर उपकार होतात त्याला धास्ती फार असते. उद्या मालक 'आता पुरे' म्हणाले तर? काम अडलं की कायम नसलेल्यांना आधी घरी बसवत, आणि माझं घर तर एवढं लांब, की घरी बसायलाही दोन गाड्या बदलाव्या लागत.

पिरनवाडीत एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. बाकीचे तिघं शनिवारी आपापल्या गावाला पळायचे. रविवारी मी, माझे कपडे आणि नळ.

तर खरं सांगतो, मला आप्पांचा हेवा वाटायचा. एखाद्या दिवसाचा नव्हे. रोजच्या भाकरीबरोबर खावा तसा. आमच्या खात्यात लोखंडाची पूड उडायची, नाकातोंडात जायची. त्यांच्या डोक्यावर पंखा. आमच्या अंगावरच्या पुडीनं स्टेनलेसला गंज धरतो, म्हणून आम्ही पट्टीपासूनही चार हात लांब. मी जरा पुढं सरकलो की आतून आवाज यायचा, "ए मराठवाडा, मागं हो रं. तू म्हंजे चालता गंज हाईस." सगळे हसायचे. मीही हसायचो. न हसून जातो कुठं?

ते साहेबांशी कन्नडमध्ये बोलायचे, त्याचाही हेवा वाटायचा. मला कन्नड यायचं नाही; दोघं हसले की वाटायचं, माझ्यावरच. पण सगळ्यांत जास्त हेवा शनिवारचा. दुपारची पाळी सुटली की आप्पा हात धुऊन, टोपी झटकून जांबोटीची बस धरायला निघायचे. बस पुष्कळदा अर्ध्यातच सोडायची, पुढं रानातून पावसात चालायचं. सोमवारी भिजलेल्या चपला घेऊन यायचे आणि कुरकुरायचे, "जळवा लई झाल्यात. आई म्हनत्या, शहरात खोली कर." मला वाटायचं, चावू देत जळवा. आई म्हणणारी आहे ना वाटेच्या टोकाला!

माणूस गरीब स्वभावाचा वगैरे मुळीच नव्हता. मिरवण्याची भारी हौस. एकदा खरेदीच्या बाजूचे साहेब आले होते, लठ्ठ आणि हसतमुख. बेळगावला उतरायचं, आधी कुंदा खायचा, मग तपासणी, असा त्यांचा शिरस्ता. आप्पांनी हात बघितले, बोटं नाकाशी नेली.

"साहेब, कुंदा."

"अहो, रुमालाला पुसलेत मी."

"मग रुमालालाबी कुंदा. नळ त्या अंगाला."

साहेब गेले बिचारे नळावर. ही गोष्ट आप्पांनी इतक्या वेळा सांगितली, की साहेबाचा हुद्दा प्रत्येक वेळी एक पायरी चढायचा. शेवटी शेवटी ते दिल्लीहून आलेले होते.

निपाणीचा एक फिटर होता, तंबाखूच्या गावचा, त्याच्या अंगठ्याला कायमचा चुना. आप्पा त्याला म्हणायचे, "तुझा अंगठा काढून घरी ठेव, मग ये." तंबाखूची सवय मलाही होती, त्याच्याच पुडीतली. ती मी एका सोमवारी सोडली. का सोडली, हे कुणाला सांगितलं नाही. रविवारी नळावर विटेच्या तुकड्यानं हात घासायचो आणि मग उन्हात धरून बघायचो, सुलटे, पालथे. खोलीची किल्ली कधी दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली, तर तो हात तयार असावा.

त्या दिवसांत नगावर सरकारी माणसांचे तीन शिक्के लागायचे. एक खरेदीवाल्यांचा, एक आराखडेवाल्यांचा, एक सुरक्षेवाल्यांचा. तिघांची कार्यालयं वेगळी, कागद वेगळे, येण्याचे दिवस वेगळे. पहिले साहेब बघून ठोकून जायचे. दुसरे महिन्यानं यायचे आणि तेच सगळं पुन्हा बघायचे. तिसरे यायचे तोवर पहिल्यांच्या कागदाची मुदत संपलेली असायची. निपाणीचा फिटर म्हणायचा, "एका लग्नाला तीन भटजी, आणि तिघांचं पंचांग निराळं." तोवर तयार नग काचेच्या खोलीत पडून, पुढचं काम अडलेलं, आणि माझ्यासारखे दोन-तीन जण 'बोलावलं की या' म्हणून घरी.

आप्पांना मात्र या भटजींचा कंटाळा नव्हता. कोणाला बिनसाखरेचा चहा, कोण बोलायला लागला की संपवत नाही, कोणाची भिंगाची काच खिशात विसरते, सगळं त्यांना पाठ. तिसरा शिक्का ठोकला गेला, की ते नगावर मऊ फडकं घालायचे आणि झोपलेल्या पोराच्या खोलीतून निघावं तसे पाय न वाजवता बाहेर यायचे. "तीन डोळ्यांखालनं गेलं," म्हणायचे. "आता माझं काय न्हाय."

मग ऐंशीच्या पुढं कधीतरी सरकारनं हे सगळं सुटसुटीत केलं. मालकांनी सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवलं. तीन कार्यालयांच्या जागी एकच कार्यालय, तीन साहेबांच्या जागी एकच साहेब, एकच शिक्का. तेच तेच तीनदा बघायचं नाही. मात्र नग स्वच्छ आहे, नियमानं ठेवला आहे, याची हमी आता कारखान्यानं स्वतः द्यायची. सही इंजिनियरची, खोलीची जबाबदारी आपल्या एका माणसाची. पुढं खोट निघाली, तर कारखान्याचं नाव यादीतून कटाप.

मालकांनी कुंदा वाटला. मी दोनदा घेतला. काम अडणार नाही, म्हणजे मला घरी बसवणार नाहीत. त्या दिवशी सरकारचे आभार मानणारा माझ्याइतका मनापासून कोणी नसेल. आणि तो 'आपला एक माणूस' कोण, हे विचारायची गरजच नव्हती. आप्पांना पांढरा कोट शिवला. कोट खोलीबाहेर न्यायचा नाही हा नियम त्यांचाच, म्हणून आईला दाखवायला त्यांनी स्वतःच्या खर्चानं हुबेहूब दुसरा शिवून घेतला. जांबोटीच्या बसमध्ये एका म्हातारीनं डॉक्टर समजून त्यांच्यापुढं सुजलेला गुडघा धरला. आप्पांनी दोन सूचना केल्या म्हणे. गुडघा उतरला, असंही सांगायचे.

मला तो कोट खुंटीवर दिसला तरी पोटात दुखायचं.

एवढा मान, पण माणूस खुलेना. जेवणाच्या सुट्टीत ते पट्टीच्या आत स्टुलावर बसले होते, मी बाहेर माझ्या अंतरावर. मी म्हणालो, "आप्पा, बरं झालं की. थांबायचं काम नाही आता."

"व्हय, बरं झालं. तुला थांबाय नको." डबा उघडाच होता, जेवत नव्हते. "मला झोपाय नको."

"म्हणजे?"

"तिघं येत हुते तवा एकाचं चुकलं, तर दुसरा धरायचा. दुसऱ्याचं चुकलं, तर तिसरा. ते चुकीचं हुतं म्हनत न्हाय मी. बैल तीन आनि नांगर एक, येळ जायचाच. पन आता तिकडं तो एकटा, हिकडं मी. मधी कोनच न्हाय रं."

मनात म्हटलं, अहो, मग मला द्या ती किल्ली. तुम्ही झोपा.

नव्या पद्धतीतला पहिला साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार असं ठरलं. त्याआधी खंडेनवमी आली. आमच्याकडं तो सण मोठा. लेथ, ड्रिल, क्रेन, सगळं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा. मालकीणबाई तबक घेऊन एकेका यंत्राला हळद-कुंकू लावत गेल्या, माझ्या ग्राइंडरलाही. दारात कोहळा फोडला. काचेच्या खोलीला मात्र पडदा लावलेला. तिथं कुंकू चालत नाही, हे सगळ्यांना माहीत. आप्पा पट्टीवर हात मागं बांधून उभे होते. मालकीणबाई त्यांच्यापुढून तबक घेऊन गेल्या, तेव्हा त्यांनी नुसतं कपाळ पुढं केलं. दुपारी सगळे पांगले. दसऱ्याला कारखाना बंद.

साहेब ठरल्या दिवशी आला. तरुण होता, मूळचा धारवाडकडचा, नोकरीला मुंबईत. पट्टीपाशी येऊन त्यानं कुणी न सांगता दोन्ही हात पुढं केले. आप्पांची कीर्ती त्या कार्यालयापर्यंत गेली होती! असा हेवा वाटला मला, की काय सांगू. पण त्या दिवशी माझंही भाग्य उघडलं होतं. नग उचलणारा नेहमीचा माणूस सणाहून परतला नव्हता. मला आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बोलावलं होतं. आप्पांनी माझे हात बघितले. बराच वेळ बघितले. "तंबाखू सोडलीस व्हय?" एवढंच म्हणाले. मी पहिल्यांदा पट्टी ओलांडली.

आत चार नग होते. साहेबानं एकेक बघितला, बॅटरी लावून, भिंग लावून. पांढरं फडकं आतून फिरवलं, फडकं पांढरंच बाहेर आलं. मालकांच्या चेहऱ्यावर दिवाळी. साहेबानं शिक्का काढला, हातोडी मागितली. हातोडी आप्पांनी द्यायची होती.

"बेडा, सर," आप्पा म्हणाले. नको, म्हणून सांगितलं. मग आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "हे चार नग घेऊ नका. मी ह्यांना कुंकू लावलंय."

मालकांना आधी थट्टाच वाटली. साहेबानं भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"कुठं? दिसत तर नाही."

"पुसलं. खंडेनवमीला लावलं, काल येऊन पुसलं. दिसत न्हाय म्हनूनच सांगाय लागतंय."

मालक घाईनं पुढं झाले. "साहेब, भेग तपासायला आम्ही लाल डाय लावतो ना, तोच लाल डाग असेल. यांचा काहीतरी घोटाळा..."

"डाय न्हाय, मालक. तुमच्याच तबकातलं कुंकू."

साहेब शांत होता. "का लावलं?"

आप्पांनी आधी स्वतःचे हात बघितले. "पयलं तुमी तिघं यायचा. दोघांना सरकारनं कमी केलं. माझ्या डोळ्याला डोळा लागंना. म्हटलं, त्या दोघांच्या जागी देवीनं तरी बघावं."

कुणीच हसलं नाही. निपाणीचा फिटर दाराबाहेर होता, तोसुद्धा नाही.

साहेबानं शिक्का डबीत ठेवला आणि डबीचं झाकण लावलं. मालकांना सांगायला लागला, बाजारच्या कुंकवात काय काय मिसळलेलं असतं, पारा असतो, शिसं असतं. पुसून ते बारीक खाचेत राहिलं तर आज काही होत नाही. पण उष्णतेत, दाबात, वर्षानुवर्षांनी आतून भेग धरते, आणि तिथं बघायला कुणी नसतं. चारही नग पुन्हा धुवायचे, पुन्हा तपासायचे, मग बोलवायचं. "तुमच्याच माणसानं थांबवलं, म्हणून यादीतलं नाव राहील," तो म्हणाला. "पण ज्याचा हात लागला त्याच्याकडं किल्ली राहणार नाही. नवी पद्धत याच भरवशावर आहे."

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले. जणू दुसऱ्या कुणाबद्दल चाललं होतं.

"मग मी ठेवू कुणाला इथं?" मालक रडकुंडीला आले होते.

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याला."

"अहो, हा सातवी शिकलाय!"

"सही इंजिनियरची हाय की. हात ह्याचं. लई भित्रं पोरगं हाय, मालक. दार लावून घेतलं तरी परत येऊन ओढून बघतंय. भित्रा मानूस एकटाच तीनदा बघतो. तुमचं ते दोन साहेब हिकडनं भरून निघतील."

मी उभ्या जागी घामानं भिजलो, आणि पहिला विचार आला तो, घामाचे हात नगाला लावलेत का मी? आप्पांनी ते ओळखलं असावं. "बघा," म्हणाले, "आत्ताच घाबरलं."

अशी मला ती किल्ली मिळाली. ज्याचा इतकी वर्षं हेवा केला त्याच्याच हातून.

मालकांनी आप्पांना काढलं नाही. माझ्या ग्राइंडरवर बसवलं. आता ते पट्टीपासून चार हात लांब, भुवयांवर लोखंडाची पूड, आणि मी काचेच्या आत. तुम्ही म्हणाल, फिटले की पांग. मीही तसंच समजत होतो. पण पंखा लावला की धूळ हलते, म्हणून मी तो पंखा लावलाच नाही कधी. साहेब पुढं कितीदा तरी आला. पट्टीपाशी हात माझ्यापुढं धरायचा, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं. "आप्पा कुठायत? बरे आहेत ना?" त्यांच्याशी कन्नडमध्ये दोन शब्द बोलून मगच आत यायचा. शिक्का मिळवून मी द्यायचो, आणि साहेबाच्या लक्षात राहिले ते शिक्का नाकारणारे आप्पा. एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा, "तेव्हा न सांगताही चाललं असतं, आप्पा. कुणाला दिसलं नव्हतं." ते ग्राइंडर बंद करून म्हणाले, "तुला हेच सांगाय कुनी शिकवलं? दिसलं असतं तर सांगायची काय गरज हुती?" आणि परत ठिणग्या उडवायला लागले.

दोन-एक पावसाळ्यांनी त्यांनी नोकरी सोडली. आई थकली होती, भाताची शेती होती. जाताना तो दुसरा पांढरा कोट त्यांनी मला दिला. म्हणाले, "घालून गावाकडं जा एकदा. मानूस गुडघं दाखवतंय." मला तो खांद्यांत सैल होतो. गावाकडं मी तो नेला नाही. गावाकडं मीच फारसा गेलो नाही. किल्ली कुणाकडं देणार?

पुढच्या एका खंडेनवमीला ते आले. काखेत परसातला कोहळा, फोडायला आणलेला. झेंडूचा वास, यंत्रं धुतलेली, माणसं त्यांच्याभोवती जमली, "आप्पा आले, आप्पा आले." मी आत होतो, पडदा लावलेला. तो जरा बाजूला केला.

ते सगळ्यांतून निघून पट्टीपाशी आले आणि थांबले. चप्पल पट्टीला लागणार नाही एवढ्यावर. मी दार उघडलं. "आधी हात" म्हणायचं माझ्या जिभेवर आलं, पण कुठल्या तोंडानं म्हणू? त्यांनीच दोन्ही हात पुढं धरले, सुलटे, मग पालथे. भेगांत चिखल सुकलेला. करंगळीजवळच्या बोटाच्या टोकाला कुंकू.

ते मी बघितलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं.

"हितंच बरा हाय मी," म्हणाले. मग हळूच, "झोप लागत्या व्हय रं?"

"नाही, आप्पा."

"मग खोली चांगल्या हातात हाय." आणि हसले, पूर्वी कुंद्याची गोष्ट संपवून हसायचे तसे. "मला लई लागत्या आता. पाऊस पडत असला की सांजंपास्नंच."

चहाला थांबले नाहीत. जांबोटीची बस चुकली तर दुसरी नव्हती. फाटकाकडं निघाले ते टोपी झटकत, वाकलेल्या पाठीनं पण झपाझप. वाटेच्या टोकाला कुणी वाट बघत असलं की माणूस जसा चालतो, तसे. फाटकाबाहेर वळेपर्यंत मी काचेतून बघत होतो, आणि पोटात तेच जुनं दुखत होतं.

मग लक्षात आलं, की मोजा घातलेला हात मी काचेला टेकवून उभा आहे. मोजे काढले, बादलीत टाकले, आणि कपाटातून दुसरे घेतले.